भोकं नसलेली पळी

तिसरा निखाराही विझला तेव्हा सरांनी घड्याळ पाहिलं. समोर शाळेची मुलं दाटीनं बसली होती. धूर कधी निघणार, असं एका मुलीनं दोनदा विचारून झालं होतं.

मी एका छोट्या वस्तुसंग्रहालयात इंटर्नशिप करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. डेमो नीट झाला तरच तिथले प्रमुख असलेले सर माझ्या सर्टिफिकेटवर सही करणार होते.

विषय होता मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांचा धूप. लांब दांड्याच्या मातीच्या भांड्यात ते निखारे ठेवत, त्यावर कोपल नावाचा झाडाचा डिंक टाकत आणि तो धूर देवाला, पितरांना देत. निखाऱ्यांना हवा मिळावी म्हणून भांड्याला भोकं असत. कोपल मिळेना, म्हणून मी तुळजापूरहून ऊद आणला. रेप्लिका, म्हणजे भांड्याची हुबेहूब नक्कल, जळकोटच्या नागूकाका कुंभारांकडून करून घेतली.

चूक तिथंच झाली. परदेशातल्या देवांचं सगळं काकांना सांगायला मला संकोच वाटला. फोटो आणि मापं दिली, 'पूजेची पळी' एवढंच म्हटलं. आणायला गेले तर पळी सुरेख, पण भोक एकही नाही. फोटोतलं भांडं जुनं, झिजून भोकं पडली असतील, असं काका समजले होते.

"गळकी पळी म्या देतो व्हय कुणाला?" ते म्हणाले. पैसेही घेईनात. मग भोकांचा विषय माझ्या तोंडून निघालाच नाही. उलट त्यांना डेमोचं आमंत्रण देऊन आले.

आता ते पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून बसले होते. सरांनी फोटो आणि पळी शेजारीशेजारी धरली.

"भोकं कुठं गेली?"

काकाच उठले.

"ह्यात इस्तू ठिवायचा व्हता?"

मी विझलेल्या निखाऱ्यांकडे बघत होकाराची मान हलवली.

"मग पळी कशाला म्हणलीस, पोरी? पळीत पाणी घेतेत."

त्यांनी ड्रिल मशीन मागवलं, पळी मांडीत धरली आणि स्वतःच्या हातच्या कामाला जपून आठ भोकं पाडली. प्रत्येक भोकाला त्यांचं तोंड कडू होत होतं.

निखारे रसरसले. घाईत मी मूठभर ऊद टाकला. खोलीत कुणाला कुणी दिसेना. मुलं खुशीत बाहेर पळाली. सरांनी व्हरांड्यात डोळे पुसत सही केली. ती नेमलेल्या रेघेच्या बरीच खाली आहे.

काका सगळ्यांत शेवटी, जुन्या भांड्याचा फोटो हातात घेऊन बाहेर आले. "त्यांचा कुंभार शहाणा व्हता," एवढंच म्हणाले.

आता कुणाकडून काही करून घेताना मी मापांच्या खाली त्या वस्तूचं कामही लिहिते.