चौघांतली डॉक्टरीण

लातूरला अकरावी-बारावीसाठी आलेल्या पोरांची एका गोष्टीवर ठाम श्रद्धा होती: डोकं असलं की बाकीचं आपोआप होतं. मी नांदेडहून आलो होतो, माझा रूम पार्टनर भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावाहून. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असायची. ती दिली की दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत एकाच कॉम्प्युटरपुढं दोन खुर्च्या ओढून बसायचो. कॅफेवाल्यानं कुठूनसा एक गेम आणून टाकला होता. तलवारी, जादू, राक्षस, गुहा असला. सुरुवातीला आपली चार माणसं तयार करायची, प्रत्येकाला ताकद, चपळाई, बुद्धी वाटून द्यायची आणि ती टोळी घेऊन निघायचं.

पहिल्या रविवारी आम्ही चार जादूगार केले. चौघांनाही बुद्धी पैकीच्या पैकी, ताकदीला उरलंसुरलं. दुसरं काही करावं असं आमच्या मनातही आलं नाही. गावाबाहेरच्या पहिल्याच तळघरात उंदरांनी चौघांना खाल्लं. राक्षसांनी खाल्लं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. कॅफेवाला मागून बघत होता. "लातूर पॅटर्न हितं चालत न्हाई," तो म्हणाला.

मग आम्ही शहाणे झालो. पुढं उभा राहून मार खाणारा एक आडदांड गडी, मागून जादू फेकणारा एक, कुलपं उघडणारा एक चोर आणि जखमा बऱ्या करणारं एक माणूस. सगळेच पंगतीला बसले तर वाढणार कोण, एवढी साधी गोष्ट. या जुळवाजुळवीचा मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीपेक्षा जास्त विचार केला, हे मार्कांवरून नंतर दिसलंच.

जखमा बऱ्या करणारी बाई पार्टनरनं तयार केली. तिला त्यानं त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं.

"ही आमची ताई," तो म्हणाला.

ताईबद्दल मला माहीत होतं. रूमवर आलो त्या पहिल्याच दिवशी, पेटीतलं सामान काढता काढता, त्यानं सांगितलं होतं. भूकंपात त्याला आणि वडलांना दगडांखालून जिवंत काढलं, ताईला नाही. तिचं नर्सिंगला जायचं ठरलं होतं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं हे सांगितलं, आणि मीही ते तसंच ऐकून घेतलं. आता कॅफेत मी माऊस त्याच्याकडं सरकवला. "कर मग सुरू," एवढंच म्हणालो.

टोळी उत्तम होती. पण ती चालेना. या गेममध्ये जखम बरी करायची तर डॉक्टरणीला जखमी माणसाच्या अगदी जवळ जावं लागायचं, आणि पार्टनर तिला पुढं जाऊच देत नव्हता. आमचा आडदांड गडी मार खाऊन आडवा व्हायचा आणि ती लांब झाडाजवळ उभी.

"डॉक्टरीण कशाला ठेवली मग? पूजेला?" मी ओरडायचो.

"ती पुढं जात न्हाई," तो म्हणायचा. जशी काही तिनंच तसं सांगितलं होतं.

दुसरा वाद मुक्कामाचा. झोप झाली की सगळ्यांची ताकद भरून यायची, आणि त्यासाठी गावागावात दगडी धर्मशाळा होत्या. पार्टनर टोळीला उघड्या माळावर झोपवायचा. माळावर लांडगे यायचे. मला आधी वाटलं, याला गेम कळत नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, "वर दगडं हायेत की." सरकारनं बांधून दिलेलं पक्कं घर असताना त्याच्या घरचे अजून पुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचे, हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा विचारलं नाही. लांडग्यांची सवय करून घेतली.

एका रविवारी लांडग्यांनी तिलाच गाठलं. मेली नाही, पण थोडक्यात वाचली. पार्टनरनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. बाकीची लढाई मी एकट्यानं कशीबशी जिंकली. पुढचा सगळा आठवडा तो मेसमध्येही माझ्याशी धड बोलला नाही.

अशी रखडत रखडत आमची टोळी शेवटच्या गुहेपाशी पोचली. प्रिलिम तोंडावर आली होती, त्यामुळं हा आमचा शेवटचा रविवार. मी तयारीनं आलो होतो. कोण कुठं उभा राहील, कुणी आधी काय करायचं, सगळं ठरवून. सगळी मदार डॉक्टरणीवर होती. ती गड्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली तरच आम्ही वाचणार होतो. हे मी पार्टनरला समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

मग त्यानं गुहेच्या तोंडाशी तिला टोळीतून काढून टाकलं. गेमनं एकदा विचारलं, नक्की का. त्यानं हो म्हटलं.

"येडा झालास काय बे? काय करून राहिलास?" मी म्हणालो. "तिच्याबिगर आपण आत टिकत न्हाई."

"म्हाईत हाय."

तिघं आत गेले. आत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आधी गडी पडला, मग जादूगार. चोर थोडा वेळ इकडंतिकडं पळाला. पडदा काळा झाला. मला मनापासून राग आला. इतक्या रविवारांची मेहनत त्यानं पाण्यात घातली होती, तीही जाणूनबुजून. आणि तो खुर्चीत मागं रेलून बसला होता, पेपर सोपा गेल्यासारखा. असा निवांत तो मला वर्षभरात कधी दिसला नव्हता.

"हरलो की रे," मी म्हणालो.

"तिघं मेले," तो म्हणाला. "ताई भायेर हाय."

टोळी मेली की गेम संपतो, गुहा नाही, माळ नाही, बाहेर कुणीच उरत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याच्याकडं बघितलं आणि ते तसंच गिळलं.

"हाव," मी म्हणालो. "भायेर हाय."