न कापलेली पानं

घरोघरी केबल येत होती त्या वर्षांतली गोष्ट. कवितेवरच्या लेखांचं एक नवं पुस्तक आलं आणि बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आम्ही काही मराठी वाचकांनी त्यावर बोलायला एकत्र जमायचं ठरवलं. मी कॉलेजात मराठी शिकवणारा, म्हणून पहिलं बोलायचा मान माझा. मी फक्त प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर वीस मिनिटं बोललो. वर ठणकावून सांगितलं, "तिसरा लेख तर मी दोनदा वाचला."

टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी गोत्रीहून आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई जवळ आल्या. "सर, माझ्या प्रतीत नेमकी तिसऱ्या लेखाची पानंच नाहीत. बांधताना राहिली असतील. तुमची प्रत देता? इथेच बसून उतरवून घेते."

नाही म्हणायला कारण सुचेना. त्यांनी पुस्तक उघडलं. तिसऱ्या लेखाची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली. न कापता तो लेख कुणालाच वाचता आला नसता.

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. बाईंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, पानं जपून कापली आणि लिहायला बसल्या. माझी उठून जाण्याचीही हिंमत होईना.

तासाभराने त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या लेखांचीही पानं मी कापून ठेवलीत, सर. येते, आवजो."