पेटी निवेपर्यंत

आगीचा बंब निघून गेला तेव्हा भट्टीकाका अंगणात पाण्याच्या टाकीजवळ उकिडवे बसले होते. समोर काळवंडलेली पोलादी पेटी, शिलाई यंत्राच्या डोक्याएवढी. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांतून तेवढीच धड बाहेर आली होती. फ्रिजमागची वायर पेटली तेव्हा काका न्हाव्याच्या खुर्चीत होते. अर्धी दाढी झाली होती, उरलेली अर्धी तशीच राहिली.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई बादली घेऊन आल्या. "सरका, गार करते तिला."

"हात लावू नका."

"अहो, आत काय शिजत ठेवलंय का?"

"तसंच समजा," काका म्हणाले.

तिजोऱ्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. नव्या पेटीत कागद भरायचे, पेटी तासभर भट्टीत भाजायची आणि नंतर आतले कागद वाचता येतात का ते बघायचं. मी तिथे इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. पहिल्याच आठवड्यात मी घाईने एक पेटी उघडायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "साहेब, आत सगळं तापलेलं आहे, फक्त हवा कमी आहे. तुम्ही दार उघडून हवा देणार, आणि जे भट्टीत जळलं नाही ते तुमच्या हातात जळणार." भट्टीतून काढलेली पेटी पुरा एक दिवस उघडायची नाही, हा त्यांचा नियम. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना ही पेटी दिली. "जन्मभर भाजल्यात, एक न भाजलेली घरी न्या," असं कोणीतरी म्हणालं, आणि काकांसकट सगळे हसले होते.

मी शेजारच्याच गल्लीत एकटा राहतो. संध्याकाळी पेटी गोणपाटात गुंडाळून आम्ही माझ्या खोलीवर आणली आणि फरशीवर ठेवली. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"बाबा, घराचे कागद आणि विम्याची पॉलिसी पेटीत आहे ना?"

"पेटी गरम आहे अजून."

"पण आत आहे ना?"

"उद्या उघडतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घराचे कागद नाहीत त्यात."

"मग काय आहे?"

"बायकोच्या चिठ्ठ्या."

काकू नर्स होत्या. त्यांची रात्रपाळी, काकांची दिवसपाळी. एक घरात शिरायचा तेव्हा दुसरा चपला घालत असायचा. बावीस वर्षांचा संसार बराचसा कुकरखाली सरकवलेल्या चिठ्ठ्यांवर चालला. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढतात त्या पट्टीचे उरलेले तुकडे त्या घरी आणायच्या आणि कोऱ्या पाठीवर बॉलपेनने लिहायच्या.

"तो कागद तर उष्णतेने काळा पडतो," मी म्हणालो.

"शंभर अंशांच्या आतच. आणि आपली पेटी आतून दीडशेच्या पुढे जाते. साधा कागद टिकतो. हा आपण कधी भाजला नाही." त्यांनी गोणपाट बाजूला सारलं. "पुढची बाजू काळी होणारच. मागे कितपत झिरपतं, ते ठाऊक नाही."

"ठाऊक होतं तरी यातच ठेवल्या?"

"कपाटापेक्षा बरं."

रात्री आणि सकाळी ते मधूनमधून पेटीवर तळहात ठेवत होते, पोराचा ताप बघावा तसा.

अकराला मुलगी आली. अर्ध्या दाढीकडे तिने एकदा बघितलं. "उघडा ना आता."

"चार वाजता दिवस भरेल."

"घर जळालं, तुमची भट्टी काही विझली नाही," ती म्हणाली.

चार वाजता काकांनी किल्ली फिरवली. आतून दमट, चुन्यासारखा वास आला. तापल्यावर पेटीच्या भिंतीतलं पाणी वाफ होऊन आत येतं, त्यामुळे सगळं ओलं होतं. वरची चिठ्ठी कोळशासारखी काळी होती. काकांनी ती दोन बोटांनी उलटली. मागची बाजू पिवळट पडली होती, आणि तिच्यावर निळी अक्षरं होती. "मोरी तुंबली आहे. तारेने ढोसू नका, माणूस बोलवा."

काका खाली बसले.

मुलीने पेटी तळापर्यंत चाचपली. "कागद कुठे आहेत?"

"कपाटात होते."

"जगाला शिकवलंत कुठे काय ठेवायचं ते."

"त्यांची दुसरी प्रत मिळते, अर्ज केला की."

ती खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

मी दोरी बांधली. काका एकेक चिठ्ठी वाचून चिमट्याने अडकवू लागले. एका चिठ्ठीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ती दोनदा वाचली.

"काही खाल्लंस का?" त्यांनी विचारलं.

ती वळली. "तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?" मग तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "वाचून विचारताय?"

त्यांनी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "पोरगी चिडली आहे. कारण विचारू नका. आधी खायला द्या."

तिने ती हातात घेतली, बराच वेळ धरली आणि परत दिली. "नाही खाल्लं," ती म्हणाली.

संध्याकाळच्या बसने ती गेली. कुठल्या कार्यालयात कसला अर्ज करायचा, ते सगळं तिने लिहून घेतलं होतं. काका थांब्यापर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर त्यांनी दोरीवरच्या चिठ्ठ्या पंख्याखाली सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर खोलीला कुलूप होतं आणि किल्ली शिंपीणबाईंकडे. आत पंखा चालू होता. दोरीवर चिठ्ठ्या हलत होत्या. माझ्या कुकरखाली कारखान्याच्या जुन्या रजेच्या अर्जाचा एक तुकडा होता, पाठकोरा, बॉलपेनने लिहिलेला.

"भात केला आहे, गरम करून घ्या. अजून ओल्या आहेत, पंखा बंद करू नका. मी माझ्या वरच्या खोल्या झाडायला गेलो आहे. यायला उशीर होईल."