देविदासचं हिरवं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि म्हणूनच बहुतेक जीभ थोडी सैल झाली आहे.

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी मॅनेजर आहे. कापूस येतो, त्याची गंजी लागते — घराएवढा ढीग — सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी ट्रकने जातात. गंजी वरून कितीही पांढरीशुभ्र दिसो, आत धुमसत असू शकते. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी एक माणूस खांद्यापर्यंत हात घालून आतली ऊब पाहायचा. तो देविदास. हात बाहेर काढून नुसती मान हलवायचा, की कामाला सुरुवात.

मग माल घेणाऱ्या सूतगिरणीने फर्मान काढलं — सगळ्या जिनिंगांनी एकाच सामायिक कॉम्प्युटर यंत्रणेत यायचं. गंजी तपासली की तपासणाऱ्याचं नाव टाकायचं, म्हणजे पडद्यावर आणि फाटकावरच्या दिव्यात हिरवं. नाही टाकलं तर लाल, आणि ते लाल बाकी सगळ्या जिनिंगांना दिसणार. शेठ म्हणाले, "मले हे खेळणं कायले पाहिजे? देविदासचा हात हाय ना." मी त्यांना सांगितलं, नेरवाले आले, महागाववाले आले, आपणच मागे राहिलो. कोणी आलं नव्हतं. पुढे नेरचा मॅनेजर हसत म्हणाला, त्यानेही मालकाला आमचंच नाव सांगितलं होतं. असे आम्ही सगळे एकमेकांच्या धाकाने आत शिरलो. पण ही थाप किरकोळ आहे. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही — यायचं टाळतोय, असं म्हणा.

त्या सकाळी देविदासची बस चुकली. पडद्यावर सगळे हिरवे, आम्हीच तेवढे लाल. सूतगिरणीचा फोन आला, मग नेरवाल्याचा — "काय राह्यलं भाऊ तुमचं?" मला लाज वाटली. कशाची? एका रंगाची. मी गंजीजवळ गेलो नाही. खुर्चीतून उठलोही नाही. देविदासच्या नावाने 'तपासली' असं टाकलं आणि चहा मागवला.

तो आला. फाटकावरचा दिवा हिरवा झालेला. "आज कोन्या दुसऱ्यानं पाह्यली वाटते," एवढं बोलून तो कापूस ओढायला गंजीवर चढला. मी खिडकीतून ऐकलं. 'थांब' म्हणायला किती वेळ लागतो? पण थांब म्हटलं असतं तर माझी खोटी नोंद उघडी पडली असती — मी चहाचा घोट घेतला. गंजी आतून जळत होती. त्याच्या पायाखाली ती खचली आणि तो आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

चौकशीत यंत्रणा म्हणाली, देविदासने स्वतः तपासली, त्याचाच हात चुकला. तो उशिरा आला होता हे कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.

तपासणारा म्हणून त्याचं नाव अजून यंत्रणेत आहे. काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि तो दिवस पुन्हा उघडतो. म्हणून आता रोज मीच हात घालतो आणि त्याच्या नावाने हिरवं करतो. परवा महागावचा एक नवा माणूस फोनवर म्हणाला, "तुमचा देविदास लय पक्का हाय, एक दिवस चुकत नाही." हात खांद्यापर्यंत गेला, की आत कोणीतरी माझी बोटं धरतं. घट्ट नाही — नुसती धरतं, ऊब पाहिल्यासारखी. आधी मी हात झटकन ओढून घ्यायचो. आता सुटेपर्यंत उभा राहतो.

त्याची बायको सुमन आमच्याकडेच कापसातला कचरा वेचते. कामावर बसण्याआधी ऑफिसच्या दारात थांबून पडद्याकडे बघते. "आमच्यात भूतखेत मानत नाही साहेब," एकदा म्हणाली, "पण त्याह्यचं नाव दिसते तं बरं वाटते. हात चुकला त्याह्यचा, तरी तुमी नाव नाही काढलं."

आज सकाळीही आली होती. "लागलं का त्याह्यचं नाव?"

लागलं, म्हणालो मी.