परिचयातली पहिली ओळ

मैफलीआधी निवेदक उज्वलाताई ओव्हाळ यांचा जो परिचय वाचत, तो त्यांनी स्वतःच लिहिलेला होता. त्याची पहिली ओळ वीस वर्षे बदलली नव्हती : ‘घरात संगीताचा कोणताही वारसा नसताना त्यांनी व्हायोलिनची साधना केली.’

वास्तविक कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या त्यांच्या घरात सगळेच गात. वडील कमळाकर रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांची गायन पार्टी चालवत. आई येसूबाई कोरसमध्ये असत. कारखान्यातल्या एका गोवेकर सोबत्याकडून कमळाकर व्हायोलिन शिकले. ते छातीला टेकवून, उभ्याने वाजवत. सात वर्षांच्या मुलीच्या हातात गज त्यांनीच दिला. पुढे दादरला ज्या गुरुजींकडे ती शिकायला गेली, त्यांनी तिची वाद्य धरण्याची सगळी रीत मोडून नव्याने घडवली. “हे कुठं शिकलीस?” असे त्यांनी पहिल्या दिवशी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “असंच, ऐकून.” परिचयातली ओळ त्या उत्तरातूनच आली.

ख्यालगायकांना साथ करण्यात उज्वलाताईंची उमेदीची वर्षे गेली. स्वतंत्र वादनाची बोलावणी पन्नाशीत येऊ लागली. त्यांतले एक गेल्या वर्षी खोपोलीहून आले. उज्वलाताईंनी परिचयाचा नेहमीचाच कागद पाठवला आणि घरी काही कळवले नाही. पण कर्जत स्टेशनाबाहेरचा फलक पाहून आईवडील आपणहून आले, दुसऱ्या रांगेत बसले.

निवेदिकेने ती ओळ वाचली. कमळाकर मंचाकडे पाहत राहिले. माईक समोर होता. चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरेसे होते. उज्वलाताईंनी रागाचे नाव सांगितले आणि गज उचलला.

कार्यक्रम संपल्यावर दोघे आत भेटायला आले.

“काय गं उजे,” कमळाकर हसत म्हणाले, “आपल्या घरात गाणं नव्हतं, मग आमी तालमीला काय भांडाय बसायचो?”

“त्यांनी छापील वाचलं, बाबा.”

“आन् लिवलं कुणी?” येसूबाईंनी विचारले.

“जाऊ दे गं,” कमळाकर म्हणाले. “यमन चांगला झाला. शेवटाला खालचा सा जरा उतरला व्हता, इतकंच.”

सा खरोखरच उतरला होता. त्या सभागृहात ते दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात आले नव्हते.

त्याच आठवड्यात उज्वलाताईंनी परिचय बदलला : ‘पहिले गुरू वडील, भीमगीतगायक कमळाकर ओव्हाळ.’ पुण्याच्या मैफलीत ही ओळ वाचली गेली, तेव्हा सभागृहाने भरभरून टाळ्या वाजवल्या. उज्वलाताईंनी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोंडाण्याला फोन लावला.

“बाबा, काल तुमचं नाव वाचलं. खूप टाळ्या पडल्या.”

“कुणाला गं?”

“मला,” त्या म्हणाल्या.

“मग बरोबर हाय,” कमळाकर म्हणाले. “आमी कुठं व्हतो तिथं?”

पुण्याला या, असे आईवडिलांना कुणी म्हटलेच नव्हते.