इंजेक्शनचा धोका

दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला आहे. आम्ही चौघं आणि मालक. संस्थेत दूध आलं की लिटर, फॅट, दर सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चढतं. कुठल्या गावात ते अडकलंय हे ऑफिसात बसून कळावं, म्हणून आम्ही त्यात एक मॉनिटरिंग लायब्ररी घातली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. आमची फुकटात मिळालेली.

एका सकाळी त्या लायब्ररीवाल्यांनीच जाहीर केलं की तिच्यात इंजेक्शनचं भोक सापडलंय. संस्थेत टाइप केलेला मजकूर ती जसाच्या तसा आमच्याकडं पाठवायची. कुणी खोडसाळपणे नावाच्या रकान्यात संगणकाचा हुकूम लिहिला, तर आमचा संगणक तो नाव म्हणून दाखवायच्या ऐवजी पाळायला लागला असता. उपाय सोपा होता, नवी आवृत्ती बसवायची. त्यासाठी थोडा वेळ सगळं बंद ठेवावं लागणार होतं.

"दुपारी करू, तेव्हा दूध नसतं," मी म्हणाले.

"मी कळवतो संस्थांना," मालक म्हणाले. त्यांना शुद्ध मराठीत लिहायची हौस आहे. मला न दाखवताच त्यांनी सगळ्या संस्थांना मेसेज टाकला: 'आपल्या संस्थेत इंजेक्शनचा धोका आढळला आहे. दुपारी तपासणी होईल. सहकार्य करावे.'

आता, म्हशीनं लवकर पान्हा सोडावा म्हणून काहीजण तिला चोरून इंजेक्शन देतात. त्याला बंदी आहे. हे मालकांना माहीत होतं, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात म्हैस नव्हती.

पहिला फोन मी उचलला. पलीकडचा हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, आमचं नाव कुणी सांगितलं?" दुसरा म्हणाला, "आमच्यात असलं काय न्हाय. पलीकडच्या गावात बघा." त्यानंतर मी फोन मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

जेवणाच्या आधीच पेठ वडगावकडच्या एका संस्थेचे चेअरमन जीप घेऊन दारात हजर झाले. बरोबर संस्थेचा क्लार्क आणि जनावरांचा डॉक्टर. चेअरमननी बसायच्या आधीच सांगितलं, "तपासणी आमच्या म्होरं हुयाला पायजे. डॉक्टर आमचा आम्ही आणलाय."

मालक घसा खाकरत माझ्याकडं बघायला लागले. मग मीच समजावलं. "काका, समजा एका गवळ्यानं आपलं नाव 'दूध ओतून द्या' असं लिहून दिलं. तुमच्या क्लार्कनी ते नाव म्हणून लिहून घ्यायचं सोडून सगळं दूध गटारीत ओतलं, तर? आमच्या संगणकात तसं होऊ शकतं."

चेअरमननी वळून क्लार्ककडं बघितलं.

"मी कशाला ओतू?" क्लार्क म्हणाला. "चौदा वर्सं झाली, एक थेंब सांडला न्हाय माझ्या हातनं."

"म्याडम उगं म्हणतील व्हय?" चेअरमन म्हणाले.

मी उदाहरण मागं घेतलं, पण क्लार्कनं चहा घेतला नाही. डॉक्टरांनी मात्र दोन कप घेतले आणि शेवटी विचारलं, "म्हंजे म्हशीचा संबंध न्हायच?" नाही म्हटल्यावर त्यांनी बॅगेची चेन लावली. एवढ्या लांब आल्यासारखं निदान काहीतरी बघावं म्हणून ते नवी आवृत्ती बसेपर्यंत माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

भोक बुजलं. मालकांनी खुलाशाचा दुसरा मेसेज लिहिला, या वेळी मला दाखवून. तो बहुधा कुणी वाचला नाही, कारण पुढच्या काही दिवसांत बऱ्याच गावांत मोजक्या चार-दोन गोठ्यांचं दूध अचानक कमी झालं. आम्हाला ते ऑफिसात बसून दिसत होतं. आपलंच काहीतरी बिघडलं म्हणून मी दोन दिवस कोड तपासत बसले. मग चेअरमनांचा फोन आला. त्यांनी मालकांना संस्थेच्या वार्षिक सभेला बोलावलं होतं, सत्काराला.

मालक गेले. फेटा, शाल, श्रीफळ सगळं झालं. भाषणात त्यांनी मॉनिटरिंग लायब्ररीबद्दल खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला म्हणे. सभा शांतपणे ऐकत होती. तेवढ्यात मागून एक म्हातारे आजोबा उठले आणि म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या सायेब, कोण कोण टोचत हुतं त्येवढं सांगा."