तुंब्यावरचा हात

माझ्या नवऱ्याचे दोन्ही तळहात लढाईत भाजले होते. लष्करात ते मोटार चालवायचे. पेट्रोलचा भडका उडाला त्यातून वाचले, पण हातांना ऊन-गार कळेनासं झालं. घरी चहा निवला की नाही हे मी कप धरून सांगायची. आणि त्यांनी लिलावातली जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा गाडा घेतला, तेव्हापासून चाकांचे तुंबेही माझ्याकडे आले. चाकाच्या मधोमधचा तो लोखंडी फुगीर भाग तापला की आतलं बेरिंग बिघडतंय असं समजायचं.

त्या वर्षी मे महिन्यात एका म्हाताऱ्या नाखव्याची होडी चांदीप गावाकडे पोचवायची होती. तिथल्या नदीवरची जुनी तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, कुजली होती आणि पावसाळ्यात पलीकडच्या लोकांना बाजार, दवाखाना काही उरत नसे. समुद्र आताच खवळू लागला होता, म्हणून होडी गाड्यावर चढवून रस्त्यानं न्यायची ठरली. नाखवा होडीतच बसून येणार होता. मी पहाटे उठून भाकऱ्या केल्या, लेकराला आईकडे सोडलं आणि निघतानाच दमलेली होते.

दर दोन मैलांवर जीप थांबायची. मी उतरायची, आधी उजव्या तुंब्यावर हात, मग होडीला वळसा घालून डाव्या. "कोमट," म्हणायची आणि परत चढायची. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. चौथ्या-पाचव्या खेपेला पाय उचलेना. एकदा मनात आलं, न उतरताच कोमट म्हणावं. कोणाला कळणार होतं?

पण उतरले. डाव्या तुंब्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"डावा तापलाय. हात ठेववत नाही."

"उन्हानं असेल," ते म्हणाले.

"ऊन उजव्यालाही आहेच की. तो कोमट आहे."

बाराचं ऊन, नदीला तीन मैल उरलेले. "ओढ्यापर्यंत जाऊ, तिथं सावली आहे," ते म्हणाले. मी हो म्हटलं. भांडायला अंगात जोर नव्हता. त्या 'हो'चं मला अजून वाईट वाटतं, कारण पुढच्या मैलभरात मागून करकर ऐकू येऊ लागली.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. नाखवा होडीतून खाली उतरला, तुंब्याजवळ हात नेऊन म्हणाला, "सरल पान्यात घाल ना. पान्यानं थंड होईल."

"नाही काका," नवरा म्हणाला. "तापलेला तुंबा गार पाण्यात घातला तर पाणी आत ओढून घेतो. मग ग्रीस जातं आणि चाक जागीच बसतं."

जांभळीखाली त्यांनी जॅक लावला आणि तुंबा निवायची वाट पाहिली. तासाभरानं मी हात लावून सांगितलं तेव्हा चाक काढलं. आतलं ग्रीस काळंठिक्कर जळलेलं, बेरिंग निळं पडलेलं, दोन रोलरांचे टवके उडालेले. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू सांगितलंस तिथंच थांबायला हवं होतं."

"मीही जोर नाही केला," मी म्हटलं.

दुसरं बेरिंग नव्हतं. होडीचं वजन त्या चाकावर ठेवण्यात अर्थ नव्हता. नाखवा ओढा ओलांडून पाड्यावर गेला आणि दहा-बारा माणसं घेऊन आला. त्यांनी वासे आडवे घातले, होडी खांद्यांवर घेतली आणि पाणी तुडवत पलीकडे गेले. त्यातल्या एका बाईनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी कशाला आलाव एवढ्या उन्हात?"

"चाकांना हात लावायला," मी म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

ह्यांनी त्याच बेरिंगात नवं ग्रीस भरून चाक चढवलं. रिकामा गाडा चालण्याच्या वेगानं होडीमागोमाग नेला, आणि मी बाजूनं चालत दर थोड्या वेळानं हात लावत राहिले. चारच्या सुमारास नदी आली. होडी पाण्यात ढकलताना सगळा पाडा काठावर जमला होता. नवऱ्यानं मला हाक मारली म्हणे. मी जीपच्या मागच्या बाकावर गाढ झोपले होते.